केळीआडचा खांब

खंडेराव बोरस्ते पहाटेपासून गच्चीवर पाणी ओतत होते आणि खाली एक थेंब गळत नव्हता.

आधी बादलीने ओतून झालं. मग टाकीचा पाइप सोडून झाला. पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी गच्चीच्या भोकात जुनी सतरंजी कोंबली आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून त्या तळ्यात उभे राहिले. मधूनच ते जिना उतरून घरात यायचे, मान वर करून छताला निरखायचे, झाडूचा दांडा उंच करून त्याचं टोक टेकवायचे आणि मग ते टोक बोटाने चाचपायचे. कोरडं. छत नुसतं ठणठणीत. "च्यायला," खंडेराव म्हणाले. पण त्या शिवीत निम्मा अभिमान होता, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

"अहो, आख्खी टाकी रिकामी केली तुम्ही!" लंकाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "आता त्या इंजिनेरला प्यायला काय देऊ? अन झाडूनं छताला काय गुदगुल्या करताय?"

"तू तुझं बघ."

ओझरच्या विमानांच्या कारखान्यात खंडेरावांनी सारी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. समोर आलेल्या वस्तूत खोट काढायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. फक्त सुट्या भागांच्या जागी सुना, भाजी, पाव्हण्यांची पोरं आणि लग्नपत्रिका आल्या. कशाकडेही एक नजर टाकून ते 'रिजेक्ट' म्हणत आणि पुढे जात. आयुष्यात त्यांनी मनापासून पास केलेली वस्तू एकच. दिंडोरी रोडवरची ही निवृत्ती चेंबर्स. वडिलांच्या नावाने, रोज स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेली. खाली भाड्याने दिलेले दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर धाकट्या सुनेचा शिवणक्लास, दुसऱ्यावर घर. आणि आज तिलाच रिजेक्ट करून घ्यायची वेळ आली होती.

विषय थोरल्या मुलाने, शेखरने काढला होता, पाडव्याच्या दिवशी, पंगत बसलेली असताना. मुंबईच्या एका कंपनीला चेंबर्स घ्यायची आहे, भाव चांगला देतायत. "आई-आप्पा आमच्याकडे येतील. गंगापूर रोडला लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना बरं. योगिनीला तिचा वाटा. तिचे भाऊ आहेतच नांदगावला." योगिनी, म्हणजे शेखरच्या धाकट्या भावाची, दीपकची बायको, तेव्हा पोळ्या वाढत होती. दीपक जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने मान खाली घातली आणि शेखरच्या ताटात पोळी ठेवली.

ती खाली गेलेली मान खंडेरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. भावजयांच्या राज्यात ही पोर कोपऱ्यात मशीन टाकून बसणार, उठता-बसता कुणाचे तरी ब्लाऊज फुकट शिवून देणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. हे तोंडाने बोलता आलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण इतक्या वर्षांत तिच्या चहालासुद्धा 'साखर जास्त झाली' याच्यापलीकडे त्यांनी काही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा ते नुसतेच "बिल्डिंग विकायची नाही" म्हणत राहिले, आणि म्हाताऱ्याला विटा-सिमेंटची माया सुटत नाही, असं घराने धरून चाललं. शेवटी लंकाबाईंचा भाऊ मध्ये पडला. तेव्हा खंडेरावांच्या तोंडून निघून गेलं, "कंपनीचा इंजिनिअर येऊन बघून जाऊ दे. कंपनीला पसंत पडली तर मी सही करतो." बोरस्त्यांच्या घरात दिलेला शब्द फिरवत नसत, त्यामुळे आता एकच रस्ता उरला होता. बिल्डिंग पसंत पडता कामा नये.

शेखरचाही अभ्यास झालेला होता. त्याची काळजी एकच होती: योगिनीच्या क्लासमधला मधला खांब. त्याला वरपासून खालपर्यंत उभी भेग गेलेली, बोट आत जाईल एवढी. प्लॅस्टर मारून बुजवली असती, पण ओला पट्टा लगेच दिसला असता. मग त्याला सुचलं आणि त्याने त्या खांबासमोर सत्यनारायण मांडला.

खंडेराव पाय पुसत पहिल्या मजल्यावर आले तेव्हा शिवणयंत्रं भिंतीला सरकवलेली होती, मुलींना सुट्टी दिलेली होती, आणि खांबाला टेकून चौरंग बसला होता. केळीचे चार खुंट चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधायचे असतात. इथे बारा-पंधरा होते आणि सगळे खांबाला आवळले होते. त्यावर आंब्याचे डहाळे, त्यावर झेंडूच्या माळा. खांब कुठे संपतो आणि केळीची बाग कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"हे काय?"

"पूजा आहे, आप्पा." शेखर सोवळं नेसून पाटावर बसला होता, शेजारी त्याची बायको चैताली पैठणीत. "एवढा मोठा व्यवहार होतोय. देवाचं नाव घ्यायला नको?"

"अन खांब का बांधलाय?"

"मांडलेली पूजा उठवेपर्यंत कुणी हलवत नाही," शेखर आवाज खाली आणून म्हणाला. "इंजिनिअरला दुपारी पुढं ओझरला जायचंय. आपले गुरुजी पाच अध्याय सावकाश वाचतील. मी त्यांच्याशी बोललोय."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्या सावकाशीची दक्षिणा वेगळी ठरलेली होती.

योगिनी कोपऱ्यातल्या शेगडीवर शिऱ्यासाठी रवा भाजत होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं आणि नजर परत कढईत घातली. आपल्याच खोलीच्या विक्रीचा प्रसाद हिच्याकडूनच करून घेतायत, खंडेरावांच्या मनात आलं आणि त्यांचं डोकं तापलं. इंजिनिअर आल्या आल्या पहिली ही केळीची बाग तोडायची, असं त्यांनी ठरवलं.

इंजिनिअर उशिरा आला, आणि आला तेव्हा ती निघाली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर बॅग, बुटांना चिखल.

"सॉरी हं, कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खोदून ठेवलेत. मी रोशनी."

"साहेब मागून येतायत का?" चैतालीने पोह्यांची बशी पुढे करत विचारलं.

"मीच."

लंकाबाईंनी पदर सारखा केला, शेखरने पाटावरूनच दोन्ही हात जोडले. मुलगी बघायला मंडळी यावीत तसं घर झालं होतं. फक्त मुलगी तीन मजली होती आणि तिचा बाप पाव्हण्यांना तिची खोड सांगायला टपला होता.

"चला, मी दाखवतो," खंडेराव म्हणाले.

"आप्पा, तुम्ही बसा की," शेखर घाईने म्हणाला. "सनी आहे, तो दाखवेल." सनी हा मधला दलाल. त्याला बिल्डिंगमधलं जिन्याखालच्या वडापावच्या गाडीपलीकडे काही ठाऊक नव्हतं.

"बांधली कुणी? मी. दाखवणार मी."

सुरुवात जिन्यापासून झाली. "वाकडा आहे," खंडेराव म्हणाले. "चढताना माणूस डावीकडं जातो. लिहून घ्या."

रोशनीने पायरीवर गवंड्यांची पातळी मोजायची पट्टी ठेवली. आतला बुडबुडा मधोमध जाऊन बसला. "सरळ आहे, काका."

"तुमची पातळी वाकडी असेल."

तिने पातळी उलटी करून ठेवली. बुडबुडा परत मधोमध. खंडेरावांनी चष्मा काढून खाली वाकून पाहिलं आणि त्यांच्या छातीत काहीतरी सुखावलं. त्यांनी ते दाबून टाकलं.

"बरं, छत बघा. गळतं. लय गळतं."

रोशनीने भिंतींना, छताला ओल मोजायचं यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि दुसरीकडे लावलं. "कोरडं आहे. वर पाणी साचलेलं असतं का कधी?"

"आत्ताच साचलंय. चला, दाखवतो!"

गच्चीवर घोट्याएवढं पाणी चकाकत होतं. रोशनी काठाकाठाने चालत भोकापाशी गेली आणि वाकून तिने सतरंजीचं टोक ओढलं. "हे कुणी कोंबलं?"

"पोरांनी."

"घरात लहान पोरं आहेत?"

"नाहीत," खंडेराव म्हणाले, कारण खोटं बोलायची त्यांना मुळीच सवय नव्हती.

रोशनीने एकदा पाण्याकडे, एकदा त्यांच्या दुमडलेल्या पायजम्याकडे पाहिलं आणि मग ती अगदी मनापासून म्हणाली, "काका, थँक्यू! गच्ची गळते का ते बघायला आम्ही असंच पाणी साठवून ठेवतो. त्याच्यासाठी मला परत यावं लागलं असतं. तुम्ही आधीच करून ठेवलंत. कधीपासून आहे पाणी?"

"पहाटेपासून."

"आणि खाली एक डागही नाही." तिने मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं. "क्या बात है."

खंडेरावांना क्षणभर वाटलं, या पोरीला बसवून वॉटरप्रूफिंगची सगळी कहाणी सांगावी: वीटभट्टीवरून निवडून आणलेल्या विटा, चुन्यात भिजवलेला गूळ, तीन थर. त्यांनी ओठ आवळून धरले आणि खाली येता येता ठेवणीतला आरोप काढला.

"खरं सांगू का मॅडम, बांधकामच निकृष्ट. सिमेंटमध्ये राख मिसळलेली. स्लॅबला नीट पाणीसुद्धा मारलं नव्हतं."

दारात लंकाबाई उभ्या होत्या. बिल्डिंग विकून लिफ्टच्या घरात राहायला जायचं म्हणून त्या दोन महिने नवस बोलत होत्या. पण आता त्यांच्या हातातलं उलथणं वर गेलं.

"काय म्हणले? पाणी मारलं नव्हतं?"

"तू आत जा."

"आत काय जा! दीपक पोटात होता माझ्या तवा. नळाला पाणी नव्हतं. खालच्या विहिरीवरून हंडे आणले मी, शिडीवरून. पोट घेऊन शिडीवरून! सासू म्हणायची पडशील, मी म्हणायची स्लॅब तडकंल. अन हे पाव्हण्यांना सांगतात पाणी नाय मारलं?" त्या रोशनीकडे वळल्या. "लिही बाई तू. लय पाणी मारलं. लंकाबाईनं मारलं. नाव लिही माझं."

"किती दिवस मारलं, आजी?"

"ह्यांनी थांब म्हणलंच नाय. शेवटी बाळंत झाली म्हणून थांबली."

दीपकचं नाव निघाल्यावर खंडेराव खिडकीबाहेर बघत राहिले. बाई खोटं बोलत नव्हती. 'अजून मार, अजून मार,' म्हणणारे तेच होते. खालून शेखर ओरडला, "शाब्बास, आई!" आणि गुरुजींनी तिसरा अध्याय थांबवून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं.

आता उरला होता एकच खांब.

खंडेराव रोशनीला घेऊन क्लासमध्ये आले आणि सरळ केळीच्या बागेकडे बोट करून म्हणाले, "ह्याच्यामागं कॉलम आहे. त्याला भेग आहे. बघा."

"आप्पा!" शेखर आणि चैताली एका सुरात म्हणाले.

"पूजा मांडलीय," गुरुजी म्हणाले. "साधुवाण्याची होडी बुडालीय. ती वर येईपर्यंत काही हलवता येणार नाही."

रोशनीने हेल्मेट काढलं आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. होडी वर यायला बराच वेळ लागला, कारण गुरुजी प्रत्येक ओळीनंतर पाणी पीत होते. तिने घड्याळ पाहिलं. "गुरुजी, मी काही हलवणार नाही. फक्त चार पानं बाजूला करून ह्या यंत्राने खांबाला ठोका देणार. मला पुढं जायचंय हो."

यंत्र म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी नळा. तो दाबला की आतून ठोका बसतो आणि काँक्रीटची ताकद आकड्यात कळते. गुरुजींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"हत्यार आहे," ते म्हणाले. "दसऱ्याला हत्याराची पूजा होतेच. हळदकुंकू लावलं की त्याला अटकाव नाही."

"गुरुजी!" शेखर कळवळला. "आपलं बोलणं झालं होतं."

"बोलणं सावकाशीचं झालं होतं. शास्त्राचं नव्हतं."

"पुढच्या टोकाला नको," रोशनी म्हणाली. "मागे दांड्याला लावा." चैतालीने पैठणी सावरत यंत्राला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं, आणि सवयीने नमस्कारही केला.

खंडेरावांनी स्वतःच्या हातांनी केळीचे खुंट बाजूला केले. भेग दिसली. वरून खाली, उभी, काळी. शेखरने डोळे मिटले. शेगडीपाशी योगिनी हातात पळी घेऊन उभी राहिली होती; तिचा चेहरा ताणलेला होता. घाबरलीय पोर, खंडेरावांना वाटलं. घाबरू नकोस. आता एका मिनिटाचं काम.

ठक्. रोशनीने आकडा पाहिला. ठक्. ठक्. ती भेगेवर टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिली.

"कॉलमच्या बाकी भागाचे आकडे चांगलेत. पण भेग उभी आहे. उभी भेग म्हणजे बऱ्याचदा आतली सळई गंजून फुगलेली असते आणि ती काँक्रीट फोडून बाहेर यायला बघते. उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही." तिने मोबाइल काढला. "सध्या मी 'शंकास्पद' लिहिते."

जिंकले. खंडेराव जिंकले होते. ज्यासाठी पहाटेपासून टाकी रिकामी केली, ते हातात आलं होतं. आता फक्त गप्प बसायचं. शेखरचा चेहरा पडलेला, सनी कपाळ चोळतोय, बस, एवढंच हवं होतं.

"काय लिहिताय?" खंडेरावांनी विचारलं.

"शंकास्पद."

"कुणाचा कॉलम?"

"म्हणजे?"

"कुणाचा कॉलम शंकास्पद?" त्यांचा आवाज चढला. "मॅडम, माझ्या हाताखालून विमानांचे भाग गेलेत. ह्या कॉलमची एकेक सळई मी गंज घासून, तारेच्या ब्रशनं घासून आत सोडलीय. गवंडी म्हणाला सहा सळया पुरे, मी आठ घातल्या. तो म्हणाला सळयांभोवतीच्या रिंगा हातभर अंतरानं, मी म्हटलं वीतभर. तो गवंडी मला सोडून पळून गेला, दुसरा आणला, तोही पळाला. अन तुम्ही म्हणता शंकास्पद?"

"काका, आत्ताच तुम्ही म्हणालात निकृष्ट बांधकाम..."

"ते मी म्हणेन! तुम्ही नाही म्हणायचं!"

आणि कुणाला काही कळायच्या आत ते जिना चढून वर गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन खाली आले. "आप्पा, देव आहे तिथं," चैताली ओरडली. लंकाबाईंनी झडप घालून कलश पोटाशी धरला. गुरुजींनी शाळिग्राम उचलला. आणि खंडेरावांनी सत्यनारायणाच्या डोक्यावर, केळीच्या पानांत उभं राहून, आपल्या खांबाचं प्लॅस्टर फोडायला सुरुवात केली. पांढरी धूळ शिऱ्यात पडू नये म्हणून योगिनीने कढईवर परात झाकली.

भेगेच्या आतून एक प्लॅस्टिकची नळी निघाली. एसीची वायर नेण्यासाठी कुणीतरी प्लॅस्टरला खाच पाडली होती आणि वरून भुसभुशीत माल भरून बुजवली होती. शेखर पंख्याकडे बघू लागला. एसी त्याच्याच सांगण्यावरून बसला होता. नळीच्या मागे काँक्रीट होतं, निळसर, अखंड. खंडेरावांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. घामाने निथळत त्यांनी कोपऱ्याचा टवका उडवलाच. आत सळई. गंजाचा ठिपका नाही.

"मोजा!" ते धापा टाकत म्हणाले. "जाडी मोजा. लावा तुमचं ते."

रोशनीने मोजली. मग खाली बसून तिने रिंगांमधलं अंतर मोजलं. मग ती उठली आणि खांबाला हात लावून काही क्षण उभी राहिली. "काका, ह्याच्यावर अजून तीन मजले चढतील. मी एवढ्या जुन्या बिल्डिंगी बघते, पण अशी नाही बघितली." तिने आधीचा शब्द खोडला आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "उत्तम."

शेखर पाटावरून उठला, सोवळ्यात धावत आला आणि त्याने बापाला मिठी मारली. कधी नव्हे ती मिठी. "आप्पा, तुम्ही वाचवलंत! तुम्ही स्वतः!" सनीने खंडेरावांच्या पायांना हात लावला. रोशनीने बाहेर जाऊन कंपनीला फोनवर सगळं सांगितलं, पोह्यांच्या बशीतले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि ती ओझरला निघून गेली. ती जिना उतरत असताना योगिनीने तिला गाठलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, रिपोर्ट कधी येईल? व्यवहाराला किती दिवस लागतील?"

दारात उभ्या खंडेरावांना ते ऐकून घाव बसला. किती दिवस उरलेत ते मोजतेय पोर.

ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. केसांत प्लॅस्टर, हातात अजून छन्नी. आरती सुरू झाली, शेखर टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणत होता, लंकाबाईंचा सूर लागला होता. आणि खंडेराव स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एका शब्दासाठी. एका शब्दासाठी तुला गप्प बसवलं नाही, खंड्या. त्या पोरीचं छप्पर तू तुझ्या हातोड्यानं उडवलंस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोटी काढल्या, आणि स्वतः एवढा खोटा माल निघालास. त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा धूळ गेली म्हणून त्यांनी ते चोळले.

सनीचा फोन वाजला तो तीर्थप्रसाद वाटताना.

तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या द्रोणातला शिरा तसाच होता. "शेखरदादा, कंपनी नाही म्हणते."

"काय नाही म्हणते?"

"घ्यायची नाही म्हणते. त्यांना बिल्डिंग नको होती, दादा. खालची जागा पाहिजे होती. बिल्डिंग धोकादायक निघाली असती तर महापालिकेकडून नोटीस काढून जुने भाडेकरू बाहेर काढता आले असते, पाडून टाकता आली असती. ते म्हणतात, एवढी मजबूत बिल्डिंग आम्ही घेऊन काय करू? भाडेकरू आता हलणार नाहीत, अन पाडायला गेलो तर आमचं दिवाळं निघेल."

शेखरने तीर्थाची पळी खाली ठेवली.

"मग ह्या केळी आपण कशाला बांधल्या?" चैतालीने विचारलं.

"म्हणजे," शेखर सावकाश म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत भलतीच वेदना उतरली, "म्हणजे आप्पा सकाळपासून वाईट-वाईट सांगत होते ते... तेच सांगू द्यायला पाहिजे होतं?"

"माझी लिफ्ट!" लंकाबाई खाली बसल्या. "मीच म्हणलं नाव लिही!"

गुरुजींनी दक्षिणेचं पाकीट चाचपून पिशवीत टाकलं आणि ते कुणाला न सांगता निघाले. शेखर सोवळं सोडून पँट चढवत होता आणि सनीला बोलत होता, चैताली शेखरला बोलत होती, आणि या सगळ्या गदारोळात खंडेराव उभे राहिले. त्यांच्या अंगात विशीतलं बळ आलं होतं. त्यांनी द्रोण उचलला, शिरा खाल्ला, दुसरा उचलला, तोही खाल्ला.

"योगिनी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य त्यांना सहज सुचलं. "शिरा चांगला झालाय."

योगिनी मशीन जागेवर सरकवत होती. ती थांबली.

"आता काळजी करू नकोस," खंडेराव जवळ येऊन म्हणाले. "क्लास कुठं जात नाही. तूही कुठं जात नाहीस. नांदगावबिंदगाव काही नाही. मी त्याच्यासाठीच एवढं... म्हणजे मला बिल्डिंगचं काही नव्हतं गं. तुझंच होतं."

योगिनी मशीनवर हात ठेवून उभी राहिली आणि रडायला लागली. खंडेरावांना वाटलं, होतं असं आनंदाने. ते तसेच उभे राहिले, कौतुकाने. पण ते रडणं थांबेना, आणि त्यात आनंदाचं काही दिसेना.

"काय झालं?"

"आप्पा, मी दुकान बघून ठेवलं होतं."

"कसलं दुकान?"

"इंदिरानगरला. छोटा गाळा आहे. माझा वाटा आला की घेणार होते. क्लास नाही, स्वतःचं. शाळांचे गणवेश शिवायचे, चार बायका कामाला घ्यायच्या. त्या मालकाला शब्द दिलाय मी." तिने पदराने नाक पुसलं. "नांदगावला कोण जाणार होतं? शेखरदादा म्हणाले, मी म्हटलं का?"

खंडेरावांना बसायला काही सापडेना. "मग पाडव्याला मान का खाली घातलीस?"

"हसू येईल म्हणून. मी मनातल्या मनात मशिनी मांडत होते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बिल्डिंगीची माया. कुठल्या तोंडानं सांगू, की मला इथून जायचंय? चांगलं ठेवलंत तुम्ही मला, आप्पा, नाही म्हणत नाही. पण ह्या जिन्यानं जी बाई चढते, ती दीपकची बायको म्हणूनच माझ्याकडं बघते. बिचारी म्हणून दोन ब्लाऊज टाकून जाते." ती थांबली आणि मग अजिबात न रागावता म्हणाली, "आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत तिला काय हवंय, हे त्यांनी एकदाही विचारलेलं नव्हतं. तिची चपाती तपासली, चहा तपासला, क्लासचा हजेरीपट तपासला. ती सुखी आहे का दुःखी, हेसुद्धा त्यांनी लांबूनच ठरवून टाकलं होतं आणि शिक्का मारून मोकळे झाले होते. त्यांना फार लाज वाटली. प्लॅस्टर फोडलेल्या खांबाकडे त्यांनी पाहिलं. तो काही पडत नव्हता.

"कुठंय म्हणालीस?"

"इंदिरानगरला."

"चल. दाखव."

"आत्ता? आप्पा, पूजा उठवायचीय, घरात एवढं..."

"ते भांडतायत तोवर जाऊन येऊ."

योगिनीने स्कूटर काढली. खंडेराव केसांतल्या पांढऱ्या धुळीसकट मागे बसले. खोदलेल्या रस्त्यांतून वळणं घेत ती त्यांना एका सोसायटीच्या खाली असलेल्या गाळ्याशी घेऊन आली. मालकाकडून किल्ली आणून तिने शटर वर ढकललं, तर ते अर्ध्यात अडकलं. ती कानकोंडी होऊन सासऱ्यांकडे बघू लागली. खंडेराव वाकून आत शिरले.

लहानसा, अंधारा गाळा. डोळे सरावले तसं त्यांना सगळं एकदम दिसू लागलं, न दिसून चालणारच नव्हतं. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. खिडकीची चौकट तिरकी. फरशीचा उतार आतल्या बाजूला. दाराजवळचं प्लॅस्टर नक्की पोकळ. नुसतं टिचकीने वाजवलं तरी आवाज येईल. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

योगिनी दारात उभी होती. "आप्पा," ती म्हणाली, "काय वाटतंय? बोला ना."

खंडेरावांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातात धरून पाठीमागे ठेवला.

"वाटण्यांचं मी शेखरशी बोलतो," ते म्हणाले. "खालचा एक गाळा त्या भाडेकरूलाच विकू. ते मी बघतो." मग त्यांनी त्या ओल्या भिंतीकडे, तिरक्या खिडकीकडे, सगळीकडे एकदा पाहून घेतलं आणि विचारलं, "मशिनी कुठं कुठं मांडणार आहेस?"

ती आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पुढे झाली आणि हात करून करून दाखवू लागली, इथे दोन, इथे तीन, इथे कापायचं टेबल. आणि खंडेराव तिच्यामागून जागा सोडत सोडत फिरले, अजून न आलेल्या मशिनींना धक्का लागू नये म्हणून.